डोळ्यावर ठेवायच्या चकतीचा डोस आधी मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डोळ्याच्या कर्करोगावर नाण्याएवढी किरणोत्सारी चकती ठेवतात आणि डोळा काढायची वेळ टळते, अशा बातम्या अलीकडे वाचायला मिळतात. बातम्या खऱ्या आहेत आणि आनंदाच्याही आहेत. पण 'चकती ठरावीक तास डोळ्यावर ठेवतात' या वाक्यापाशी त्या थांबतात. हे तास कोण ठरवतं, कशाच्या आधारावर ठरवतं आणि त्या आकड्यात चूक कुठून शिरते, हे वाचकांना आणि आपल्या भागातल्या लहानमोठ्या रुग्णालयांनाही कळावं, म्हणून हे पत्र लिहीत आहोत.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद ज्या काट्यावर तोलतात, त्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो आणि मुदत संपली की तो पुन्हा घ्यावा लागतो. काटा बनवणाऱ्याने 'बरोबर आहे' असं लिहून दिलं, एवढ्यावर कुणी शेतकरी समाधान मानत नाही. डोळ्यावरच्या चकतीसोबतही बनवणाऱ्याचं प्रमाणपत्र येतं. त्यावर छापलेला डोसच्या दराचा आकडा उचलायचा, हव्या त्या डोसला त्याने भागायचं आणि वेळ काढायची, हा सोपा मार्ग कुणालाही मोह पाडेल असाच आहे. आमचं म्हणणं एवढंच, की तो आकडा आपल्या हाताने एकदा मोजल्याशिवाय कोणत्याही डोळ्यावर चकती ठेवू नये.

आपल्याकडे प्रामुख्याने दोन जातींची साधनं कानावर येतात. पहिलं जुनं, स्ट्रॉन्शियम-९० चं. दांडीच्या टोकाला गोल टोपण असावं तसं हे दिसतं, दांडीवर हाताच्या बचावासाठी जाड अ‍ॅक्रिलिकची ढाल असते. डोळ्याच्या पांढऱ्या भागातून बुबुळावर मांस चढतं, ज्याला डॉक्टर टेरिजियम म्हणतात, ते कापून काढल्यावर पुन्हा वाढू नये म्हणून हे टोपण काही सेकंद त्या जागेवर टेकवतात. उन्हात, धुरळ्यात राबणाऱ्या माणसाला हा आजार जास्त होतो. ऊसतोड करणारे, तासगावकडच्या द्राक्षबागेत दिवसभर असणारे यांना तो नवा नाही. आता डोळ्याच्याच आवरणाचा तुकडा त्या जागी लावून शस्त्रक्रिया करतात, त्यामुळे स्ट्रॉन्शियमचा वापर पुष्कळ कमी झाला आहे. संपलेला मात्र नाही.

दुसरं साधन रुथेनियम-१०६ ची चकती. चांदीची, एक मिलिमीटर जाडीची, डोळ्याच्या गोलाईला बसेल अशी वाटीसारखी वाकवलेली. तिच्या आतल्या बाजूला रुथेनियमचा अतिशय पातळ थर असतो आणि त्यावर चांदीचाच ०.१ मिलिमीटरचा पापुद्रा. लहान मुलांच्या दृष्टिपटलाचा कर्करोग आणि मोठ्यांचा डोळ्यातला मेलॅनोमा यांवर ती श्वेतपटलाला, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या कवचाला, टाके घालून बसवतात आणि काही तास ते काही दिवस ठेवतात. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने वापरून झालेल्या अणुइंधनाच्या कचऱ्यातून रुथेनियम वेगळं काढून देशी चकती तयार केली आहे. बर्लिनहून येणाऱ्या चकतीवरच अवलंबून राहायची गरज त्यामुळे उरली नाही. म्हणजे उद्या हा उपचार आपल्या जवळच्या शहरांतही येणार. मोजणीची तयारी त्याआधी व्हायला हवी.

ही मोजणी इतकी नाजूक का, हे आधी सांगतो. या दोन्ही साधनांतून बीटा किरण निघतात, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन. ते फार खोल जात नाहीत आणि डोळ्यासाठी नेमकं तेच हवं असतं. स्ट्रॉन्शियमच्या टोपणाचा डोस पृष्ठभागावर १०० धरला, तर १ मिलिमीटर खोलीवर तो साधारण ५० उरतो, २ मिलिमीटरवर २५ च्या आसपास आणि ४ मिलिमीटरवर जेमतेम ५. बुबुळाच्या पुढच्या पृष्ठभागापासून नेत्रभिंग साधारण ३ ते साडेतीन मिलिमीटर आत असतं, कडेच्या बाजूने तर त्याहून जवळ. म्हणजे टेरिजियमचा बीमोड आणि मोतीबिंदू यांत अंतर आहे ते दोनतीन मिलिमीटरचं. कागदाची एक घडी मध्ये आली तरी डोस बदलतो. अशा ठिकाणी 'साधारण बरोबर' मोजणीला अर्थ नाही.

आता चूक कुठून सुरू होते ते पाहू. किरणोपचार विभागात मोठ्या यंत्राचा डोस रोज ज्या कुपीसारख्या आयन कक्षाने, म्हणजे किरणांमुळे आतल्या हवेत निर्माण होणारा विद्युतप्रवाह टिपणाऱ्या उपकरणाने, मोजतात, त्याच्या आतला व्यास सहा मिलिमीटर असतो. सहा मिलिमीटरमध्ये स्ट्रॉन्शियमचा डोस शंभरावरून जवळजवळ शून्यावर येतो. तो कक्ष टोपणासमोर धरला तर तो या सगळ्याची सरासरी देतो आणि ती सरासरी कोणत्याच खोलीचा डोस नसते. सपाट कक्षाच्या दोन मिलिमीटरच्या फटीचंही तेच. नेहमीच्या टीएलडी चिपची (किरणांची ऊर्जा साठवून तापवल्यावर प्रकाश देणाऱ्या स्फटिकाची) जाडी ०.९ मिलिमीटर, आणि ती पाण्याहून बरीच घन, त्यामुळे तिच्या पुढच्या अंगाला १०० तर मागच्या अंगाला त्याच्या निम्म्याहूनही कमी मिळत असतात. आकडा येतो, स्वच्छ येतो, तीनदा मोजला तरी तोच येतो. म्हणूनच तो फसवतो.

याचं मूळ उत्तर म्हणजे एक्स्ट्रापोलेशन चेंबर. हा समांतर पत्र्यांचा आयन कक्ष असतो आणि त्याच्या दोन पत्र्यांमधली फट मायक्रोमीटरच्या स्क्रूने कमीजास्त करता येते. स्ट्रॉन्शियमच्या टोपणासाठी मधल्या संग्राहक पत्र्याचा व्यास ४ मिलिमीटर घेण्याचा प्रघात आहे. फट आधी ०.२ मिलिमीटर ठेवायची, विद्युतप्रवाह मोजायचा, मग ०.१८, ०.१६ असं करत खाली यायचं. प्रत्येक फटीला व्होल्टेज उलटसुलट करून दोन वाचनं घ्यायची आणि त्यांची सरासरी धरायची, कारण बीटा किरण स्वतःच पत्र्यात अडकून वेगळा प्रवाह निर्माण करतात. मग आलेखावर फट आडवी आणि प्रवाह उभा मांडायचा. जी रेषा येते तिचा शून्य फटीकडचा चढ म्हणजे पृष्ठभागावरच्या डोसचा दर काढण्याची किल्ली. एक आयनजोडी तयार करायला लागणारी ऊर्जा, म्हणजे दर कूलोंबला ३३.९७ ज्यूल, हवेची घनता, पत्र्याचं क्षेत्रफळ आणि हवेऐवजी पाण्यात (डोळ्याच्या जागी मोजणीत पाणीच धरतात) शोषली जाणारी ऊर्जा जास्त म्हणून साधारण १.१२ चा गुणक, एवढं घातलं की उत्तर ग्रे प्रतिसेकंदात मिळतं. ग्रे हे डोसचं एकक.

सांगायला सोपं, करायला किचकट. टोपणाचा दर ०.५ ग्रे प्रतिसेकंद असेल तर ०.१ मिलिमीटर फटीत प्रवाह येतो सुमारे २० पिकोअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा पन्नास अब्जावा भाग. केबल हलली, पावसाळ्यात कनेक्टरवर दमट हवा बसली, तरी तेवढा प्रवाह तिथूनच गळू शकतो. संग्राहक पत्र्याचा व्यास ४.०० ऐवजी ४.०५ मिलिमीटर असेल तर क्षेत्रफळात अडीच टक्के फरक पडतो आणि तो जसाच्या तसा डोसमध्ये उतरतो. हे यंत्र मानक प्रयोगशाळेचं काम आहे, जिल्ह्यातल्या रुग्णालयाचं नव्हे. अमेरिकेची राष्ट्रीय मानक संस्था याच पद्धतीने टोपणांचं कॅलिब्रेशन करते, म्हणजे प्रमाण मोजणीशी ताडून त्यांचा दर ठरवते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २००२ मध्ये, किरण एककांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २००४ मध्ये आणि आयएसओने २००९ मध्ये अशा स्रोतांच्या मोजणीवर दस्तऐवज काढले. मार्ग आखलेला आहे. त्यावर चालायचं की नाही, एवढाच प्रश्न आहे.

जिल्ह्याच्या पातळीवर होण्यासारखी आणि भरवशाची गोष्ट म्हणजे रेडिओक्रोमिक फिल्म. किरण पडले की ही फिल्म स्वतःच काळपट निळी होत जाते, तिला डार्करूम लागत नाही. ज्या विभागात रेखीय त्वरक यंत्र (बाहेरून किरण देणारं मोठं यंत्र) आहे आणि टेबलावरचा चांगला स्कॅनर आहे, तिथे हे काम दोन दिवसांत होतं. पद्धत थोडी तपशिलात देतो, कारण चुका याच तपशिलात लपतात.

एकाच लॉटची फिल्म घ्यायची. हातमोजे घालून दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे कापायचे आणि प्रत्येकाच्या एकाच कोपऱ्यात खूण करायची, कारण स्कॅनरवर फिल्म आडवी की उभी ठेवली यानेही वाचन बदलतं. काही तुकड्यांना त्वरक यंत्राखाली माहीत असलेले डोस द्यायचे, शून्यापासून १० ग्रेपर्यंत सातआठ टप्प्यांत. हा झाला पट्टीवरचा खुणांचा संच. मग टोपणासमोर फिल्म. इथे एकच वेळ धरून मोजणी करू नये. ०.५ ग्रे प्रतिसेकंद दराला ५ ग्रे म्हणजे फक्त १० सेकंद. हाताने टेकवायला आणि उचलायला अर्धा-अर्धा सेकंद इकडेतिकडे झाला की दहा टक्क्यांची चूक होऊन जाते. म्हणून ६, १०, १४ आणि १८ सेकंद असे वेगवेगळे तुकडे घ्यायचे आणि वेळेसमोर डोस मांडायचा. रेषेचा चढ म्हणजे खरा दर. रेषा शून्यातून न जाता जिथे अक्षाला छेदते, तो झाला हाताच्या हालचालीचा हिशेब. हे छेदाचं अंतर लिहून ठेवावं, कारण रुग्णाच्या डोळ्यावर टेकवतानाही तोच हात असणार आहे.

चोवीस तास थांबून सगळे तुकडे, कॅलिब्रेशनचेही आणि मोजणीचेही, एकाच बैठकीत स्कॅन करायचे, काचेच्या मध्यावर ठेवून. स्कॅनरच्या कडेला वाचन सरकतं. रंग आपोआप सुधारण्याच्या सगळ्या सोयी बंद ठेवायच्या. १० ग्रेच्या आत लाल रंगाचं वाचन चांगलं, त्यावर हिरवं.

आणि एक बारीक गोष्ट. ईबीटी-३ जातीच्या फिल्ममध्ये किरण टिपणारा थर अवघा २८ मायक्रोमीटरचा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना १२५ मायक्रोमीटरचं पॉलिएस्टर असतं. म्हणजे फिल्म टोपणाला घट्ट टेकवली तरी ती पृष्ठभागाचा डोस मोजतच नाही. ती मोजते जवळजवळ ०.२ मिलिमीटर पाण्याखालचा डोस. वर सांगितलेल्या घसरणीच्या हिशेबाने तेवढ्यात दहाबारा टक्के डोस कमी होतो. ही दुरुस्ती केली नाही तर पृष्ठभागाचा दर कमी दिसतो, त्यानुसार वेळ जास्त काढली जाते आणि डोळ्याला दहाबारा टक्के जास्त मिळतं. श्वेतपटलाला काही वर्षांनंतर पातळपणा येणं, व्रण होणं, हे जास्तीच्या डोसचे परिणाम आहेत, आणि ते इतके उशिरा दिसतात की तेव्हा कुणाला त्या काही सेकंदांची आठवणही नसते.

खोलीवरचा डोस मोजायला मध्ये अ‍ॅक्रिलिकचे पत्रे घालतात. पण १ मिलिमीटर अ‍ॅक्रिलिक म्हणजे १ मिलिमीटर पाणी नव्हे, साधारण १.१ ते १.२ मिलिमीटर पाणी. पत्र्यावर छापलेली जाडी धरू नये, व्हर्नियरने मोजावी. बाजारातला '१ मिलिमीटर' पत्रा ०.९ चाही निघतो.

फिल्मचा आणखी एक फायदा म्हणजे ती नुसता आकडा देत नाही, चित्र देते. टोपणाचा बाहेरचा व्यास साडेबारा मिलिमीटरच्या आसपास असला तरी त्यातला किरणोत्सारी भाग आठनऊ मिलिमीटरचाच असतो. कडेचं स्टील नुसतं कडं असतं. फिल्म पाहिली की हे एका नजरेत कळतं आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना ती जरूर दाखवावी. जखमेची कड टोपणाखाली झाकली गेली म्हणजे तिला डोस मिळालाच, असं नाही. थर एका बाजूला पातळ आहे का, तेही फिल्मवरच दिसतं.

रुथेनियमच्या चकतीत वेळेची घाई नसते, कारण नव्या चकतीचा दर पृष्ठभागावर मिनिटाला १०० मिलिग्रेच्या पट्टीतला असतो. तिथे अडचण गोलाईची. सपाट फिल्म वाटीत बसत नाही, मध्ये हवा राहते. त्यासाठी चकतीच्या त्रिज्येचा, बहुधा १२ किंवा १४ मिलिमीटरचा, अ‍ॅक्रिलिकचा किंवा पाणीसदृश प्लास्टिकचा अर्धगोल लागतो, आडव्या कापांचा. प्रत्येक दोन कापांमध्ये फिल्म ठेवायची, काप घट्ट बांधायचे आणि चकती वरून टोपीसारखी बसवायची. कापांची मांडणी नीट दाबली नाही तर मधल्या फटींतून बीटा किरण वाकडे घुसतात आणि फिल्मवर पट्टे उमटतात. असा पट्टा दिसला की ती मोजणी सरळ रद्द करावी.

हे झालं वर्षातून एकदा किंवा नवी चकती आल्यावर करायचं काम. दर महिन्याच्या तपासणीसाठी मात्र आपल्याकडच्या बहुतेक ब्रॅकीथेरपी (स्रोत गाठीजवळ ठेवून किरण देण्याच्या) विभागांत एक उपकरण आधीच असतं, विहिरीसारखा आयन कक्ष, ज्यात इरिडियमचा स्रोत मोजतात. त्यात बीटा चकतीचा खरा डोस मिळत नाही. पण चकती नेहमी त्याच साच्यात, त्याच खोलीवर ठेवली तर वाचनांची तुलना उत्तम होते. रुथेनियमचं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्म्यावर यायला लागणारा काळ, सुमारे ३७२ दिवसांचं. दर ३० दिवसांनी वाचन साडेपाच टक्क्यांच्या आसपास घटलं पाहिजे. तसं घटलं नाही तर साचा चुकला आहे किंवा चकतीचं काहीतरी बिघडलं आहे.

इथे आपल्या भागाचा म्हणून एक मुद्दा आहे, तो खास जोर देऊन लिहितो. असे कक्ष हवेला उघडे असतात आणि आतल्या हवेच्या वस्तुमानावर वाचन अवलंबून असतं. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथला हवेचा दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. कॅलिब्रेशन १०१३.२५ ला केलेलं असतं. नुसत्या दाबानेच वाचनात सहासात टक्क्यांची दुरुस्ती लागते. आणि मोबाइलवरचं हवामानाचं अ‍ॅप किंवा बातम्यांतला दाब बघून ती करू नये, कारण तो दाब समुद्रसपाटीला नेऊन सांगितलेला असतो. १०१० असा आकडा सांगलीत दिसला की समजावं, तो या खोलीतला दाब नाही. भिंतीवर स्वतःचा बॅरोमीटर असावा आणि तो तपासलेला असावा. तापमानही तसंच. उपकरण ३५ अंशांच्या खोलीतून आणून लगेच वातानुकूलित खोलीत मोजायला घेतलं तर आतली हवा अजून गरमच असते. तासभर थांबावं.

आता हिशेबाची बाजू. मोजणी उत्तम झाली तरी कागदावर घोळ होतोच, आणि आमच्या मते जास्त घोळ इथेच होतो. अमेरिकेच्या अणु नियामक आयोगाने १९९६ मध्ये स्ट्रॉन्शियमच्या टोपणांच्या चुकीच्या कॅलिब्रेशनमुळे रुग्णांना चुकीचे डोस गेल्याबद्दल मुद्दाम सूचनापत्र काढलं होतं. स्ट्रॉन्शियमचं अर्धायुष्य २८.८ वर्षं, म्हणजे वर्षाला साधारण २.४ टक्के घट. वर्षादोनवर्षांत ती जाणवत नाही, म्हणून वेळेचा तक्ता बदलायचा राहून जातो. पण वीस वर्षांत दर ६२ टक्क्यांवर येतो आणि तीस वर्षांत ४९ वर. भिंतीला चिकटवलेला जुना तक्ता तसाच वापरला तर रुग्णाला निम्माच डोस मिळतो आणि मांस पुन्हा चढतं.

जुन्या प्रमाणपत्रांवर एककंही वेगळी असतात. कुठे रॅड, कुठे रेप. एक रेप म्हणजे ०.९३ रॅड आणि १०० रॅड म्हणजे १ ग्रे. दर सेकंदाला आहे की मिनिटाला, मध्यभागाचा आहे की सगळ्या पृष्ठभागाची सरासरी, हेही वाचून घ्यावं लागतं. आणि तारीख! काही परदेशी कागदांवर महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. ०३/०९ म्हणजे आपल्यासाठी ३ सप्टेंबर, त्यांच्यासाठी ९ मार्च. स्ट्रॉन्शियमला याने सव्वा टक्काही फरक पडणार नाही. रुथेनियमला जवळजवळ सहा महिन्यांचा फरक पडतो, म्हणजे २८ टक्क्यांच्या पुढेमागे.

एक उदाहरण करून दाखवतो, आकडे समजण्यापुरते घेतलेले. गाठीची उंची सोनोग्राफीत ४ मिलिमीटर, त्यात श्वेतपटलाचा १ मिलिमीटर मिळवून खोली ५ मिलिमीटर. गाठीच्या शेंड्याला १०० ग्रे द्यायचे. चकतीचा पृष्ठभागावर दर मिनिटाला १०० मिलिग्रे आणि ५ मिलिमीटरवर त्याच्या ३५ टक्के, म्हणजे ३५ मिलिग्रे. वेळ आली २,८५७ मिनिटं, जवळजवळ ४८ तास. तीच चकती सहा महिन्यांनी वापरली तर लागतात ६७ तास. या ४८ तासांत चकतीला लागून असलेल्या श्वेतपटलाला मिळतात २८५ ग्रे. आता बनवणाऱ्याच्या प्रमाणपत्रावरच वीस टक्क्यांपर्यंतची अनिश्चितता लिहिलेली असू शकते. खरा दर वीस टक्क्यांनी कमी असेल तर शेंड्याला पोचतात ८० ग्रे, आणि गाठ शेंड्यापाशी जिवंत राहू शकते. जास्त असेल तर तो भार श्वेतपटलावर, दृष्टिपटलावर आणि डोळ्याच्या मज्जातंतूवर जातो. आणि सोनोग्राफीत अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली, तरी दर दहाएक टक्क्यांनी हलतो. मोजणी, सोनोग्राफी आणि हिशेब या तिन्ही गोष्टी दुसऱ्या माणसाने स्वतंत्रपणे करून पाहाव्यात. पहिल्याची वही उघडून बेरीज तपासणं म्हणजे दुसरी तपासणी नव्हे.

हाताळणीबद्दल थोडक्यात. टोपणाच्या तोंडाला बोट लागलं तर सेकंदाला अर्धा ग्रे. हाताच्या त्वचेला वर्षभराची मर्यादा ५०० मिलिसिव्हर्ट आहे, बीटा किरणांसाठी तो अर्धा ग्रेच, म्हणजे एका सेकंदात वर्षाचा कोटा संपला. चिमटा लांब हवा आणि ढाल अ‍ॅक्रिलिकची. शिसं थेट पुढे धरलं तर बीटा किरण त्यात थांबताना क्षकिरण तयार होतात, म्हणून आधी अ‍ॅक्रिलिक आणि त्याच्यामागे शिसं. चकतीची आतली बाजू ब्रशने घासू नये. तो पापुद्रा ०.१ मिलिमीटरचा आहे, हे धुणाऱ्या मावशींनाही नीट समजावून सांगावं. गळती पाहण्यासाठी ओल्या बोळ्याने पुसून बोळा मोजतात, आणि तो १८५ बेकरेलच्या (सेकंदाला १८५ अणू फुटण्याच्या) वर गेला तर साधन वापरातून काढायचं.

जुन्या टोपणांबद्दल आणखी एक काळजी. ज्यांनी हा उपचार बंद केला त्यांच्या कपाटात एखादं टोपण राहिलेलं असू शकतं. मालक बदलतो, इमारत बदलते, पेटीवरचं पिवळं चिन्ह पुसट होतं. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात किरणोत्सारी कोबाल्ट पोचलं आणि एका कामगाराचा जीव गेला. तो स्रोत कितीतरी मोठा होता, पण २८.८ वर्षांचं अर्धायुष्य असलेलं टोपणही पन्नास वर्षं कपाटात राहिलं तरी तीस टक्के जिवंत असतं आणि खिशात घालून फिरणाऱ्याची त्वचा जाळू शकतं. असं काही सापडलं तर पेटी उघडू नये, खोलीला कुलूप लावावं आणि अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवावं. २००४ च्या किरणसंरक्षण नियमांनुसार स्रोत परत करण्याची रीतसर वाट आहे आणि ती वापरणाऱ्याला कुणी गुन्हेगार ठरवत नाही.

रुग्णांच्या नातेवाइकांसाठी एक विनंती. मुलाच्या फोटोत एका डोळ्याची बाहुली पांढरी चमकली, म्हणून मिरजेहून पुण्या-मुंबईला किंवा हैदराबादला धावणारे आईवडील त्या वेळी आकडे विचारण्याच्या मनःस्थितीत नसतात. तरीही घरी जाताना डिस्चार्ज कार्डावर चार गोष्टी लिहून घ्या: कोणता स्रोत, त्याचा मोजलेला दर आणि मोजल्याची तारीख, किती डोस कोणत्या खोलीवर दिला, चकती कोणत्या तारखेला किती वाजता बसवली आणि किती वाजता काढली. हे मूल दहा वर्षांनी दुसऱ्या गावात दुसऱ्या डॉक्टरांसमोर बसेल, तेव्हा त्या डोळ्याला आणखी किरण सोसतील की नाही, हे या चार ओळींवरून ठरेल. 'प्लाक ब्रॅकीथेरपी केली' एवढ्या नोंदीवरून काहीच ठरत नाही.

रुग्णालयांच्या चालकांना आणि आपल्या भागातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना एक ठोस सुचवणं आहे. फिल्म, स्कॅनर आणि विहीर-कक्ष ही साधनं सांगली, मिरज, कराड आणि कोल्हापूर एवढ्या टापूत मिळून एका जागी ठेवता येतील, प्रत्येकाने वेगळी घेण्याची गरज नाही. कापांचा अर्धगोल तर बाहेरून मागवायलाच नको. कुपवाडच्या एमआयडीसीत १२ आणि १४ मिलिमीटर त्रिज्येचं अ‍ॅक्रिलिक शतांश मिलिमीटरच्या अचूकतेने कातणारी यंत्रं रोज चालू आहेत. नकाशा आम्ही काढून देऊ. दोन अर्धगोल कातून मिळाले की फिल्म कशी कापायची आणि कापांमधली फट कशी मिटवायची, हे दाखवायला कोणत्याही सुट्टीच्या दिवशी येऊ.

आपले,
किरणोपचार विभागांत मोजणीचं काम करणारे काही मेडिकल फिजिसिस्ट,
सांगली-मिरज